तुमच्या गॅलरीतली सांगली

पूर आला की शहराचं नाव आणि गढूळ पाणी अशी एक जोडीच लोकांच्या डोक्यात बसते. अशा वेळी तुमच्या मोबाइलमध्ये पडून असलेले सहलीचे जुने फोटो काय कामाचे? ते कधी टाकायचे, कधी हात आवरायचा आणि स्टेटस ठेवण्यापलीकडे त्यांचं काय करता येतं, यावर थोडं बोलू या.

एक साधा प्रयोग करून बघा. फोनची गॅलरी उघडा, सर्चमध्ये 'सांगली' टाका. नाही काही आलं तर 'वाई' टाका, 'कराड' टाका, 'सातारा' टाका. मित्राच्या बहिणीचं लग्न, कॉलेजची एकांकिका स्पर्धा, कासची फुलं, नरसोबाच्या वाडीला जाताना वाटेत घेतलेला चहा, काही ना काही निघेलच. गणपती मंदिरासमोरचा ग्रुप फोटो, त्यात एकाचे डोळे मिटलेले. आयर्विन पुलाच्या कठड्याला टेकून काढलेला सेल्फी. हरिपूरच्या संगमावरची संध्याकाळ. भडंगाच्या पुड्याचा उगाचच काढलेला एक फोटो. तुम्ही हे फोटो शेवटचे कधी बघितले होते, हे तुम्हालाही आठवणार नाही.

आता ऑगस्ट २०१९ आठवा. सांगलीत कृष्णेचं पाणी मोजतात ते आयर्विन पुलापाशी, आणि तेही फुटांत. पावसाळ्यात सांगलीकर एकमेकांना फोन करतो तेव्हा 'कसा आहेस' नंतरचा प्रश्न 'आयर्विनला किती झालं?' हाच असतो. ४० फूट म्हणजे इशारा पातळी, ४५ फूट म्हणजे धोक्याची. त्या आठवड्यात पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. '२००५ इतकं काही येत नाही' या भरवशावर पहिल्या मजल्यावर सामान नेऊन बसलेल्या लोकांचा हिशोब चुकला, कारण २००५ चं पाणी साधारण ५४ फुटांच्या आसपास थांबलं होतं. मारुती चौक, हरभट रोड, टिळक चौक, गावभाग, सांगलीवाडी सगळीकडे बोटी. पुणे-बंगळूरु महामार्ग कोल्हापूरजवळ कित्येक दिवस बंद. पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळमध्ये ८ ऑगस्टला बचावाची बोट उलटली आणि सुटकेसाठी बोटीत चढलेल्या गावकऱ्यांचे जीव गेले. जुलै २०२१ मध्ये पाणी पुन्हा ५५ फुटांच्या जवळ आलं.

ज्यानं त्याआधी सांगली कधी बघितलीच नव्हती, त्याच्या डोळ्यांसमोर त्या आठवड्यापासून सांगली म्हणजे ड्रोनमधून दिसणारी छपरं आणि भोवती चहाच्या रंगाचं पाणी. ते खोटं नव्हतं. पण ते शहराच्या आयुष्यातले आठ-दहा दिवस होते. उरलेल्या दिवसांचे फोटो कुणाकडे आहेत? शहरात राहणाऱ्यांकडे होते, त्यातले बरेचसे भिजले. बाहेरून येऊन गेलेल्यांकडे आहेत. म्हणजे तुमच्याकडे.

आधी पाणी, मग आठवणी

पूर चालू असतानाच अनेकांचे स्टेटस बदलतात. पुण्या-मुंबईत, बंगळूरुत नोकरी करणारा सांगलीकर घाटाचा जुना फोटो टाकतो, त्याखाली एक तुटलेलं हृदय. दोन वर्षांपूर्वी सहलीला जाऊन आलेली मुलगी सूर्यास्ताचा फोटो टाकते. आणि लगेच कुणीतरी खाली विचारतं, 'माणसं छपरावर बसलीत आणि तुला सूर्यास्त सुचतोय?'

हा प्रश्न रास्त आहे. तो झटकून टाकू नका.

पहिल्या तीन-चार दिवसांत लोक फोन उघडतात ते बोट कुठं मिळेल, कुठल्या शाळेत छावणी आहे, दूध-पाणी कुठं पोचलंय, डायलिसिसचा पेशंट कसा हलवायचा, हे शोधायला. शहराच्या नावानं शोधल्यावर त्यांना या गोष्टी आधी दिसायला हव्यात. तुमचा सूर्यास्त कितीही देखणा असला तरी त्या दिवसात तो वाटेत येतो. लांब राहणाऱ्यानं जवळच्या चार माणसांच्या ग्रुपवर जुने फोटो टाकून मन मोकळं करावं, त्यात काही गैर नाही. जगासाठी मात्र त्या दिवसांत मदतीचीच माहिती पुढं ढकला, तीही खात्री करून.

खात्रीचं एवढ्यासाठी, की पुराच्या दिवसात जुने फोटो फार घात करतात. २००५ चा फोटो २०१९ मध्ये फिरतो, २०१९ चा २०२१ मध्ये. 'पूल वाहून गेला', 'धरण फुटलं' अशा मथळ्याखाली भलत्याच नदीचा व्हिडिओ येतो आणि आधीच रात्रभर जागी असलेली माणसं घर सोडून पळायला लागतात. म्हणून पुराचा जुना फोटो पुराच्या दिवसात टाकायचाच नाही, हा नियम सोपा आणि पक्का ठेवा. टाकलाच तर फोटोवरच वर्ष लिहा. खाली कॅप्शनमध्ये लिहून भागत नाही, कारण फॉरवर्ड करताना कॅप्शन गळून पडतं.

आणि स्वतःचा चेहरा. २०१९ मध्ये एका मंत्र्यांचा पूरपाहणीच्या बोटीतला हसरा, हात हलवणारा व्हिडिओ बाहेर आला आणि राज्यभरातून टीकेची झोड उठली. आपण मंत्री नसलो तरी आपल्यालाही तेच लागू होतं. मदतीचं सामान घेऊन गेलात, चांगलं केलंत. पण बिस्किटाचा पुडा हातात घेतलेल्या आजींच्या शेजारी उभं राहून फोटो काढण्याआधी एकदा विचार करा, की त्याच आजी महिनाभरापूर्वी तुम्हाला घरी बसवून जेवू घालू शकल्या असत्या. त्यांना तुमच्या फोनमध्ये कायमचं 'पूरग्रस्त' करून ठेवू नका.

पाणी उतरल्यावर काय दिसतं

पाणी उतरतं तेव्हा टीव्हीच्या गाड्या गेलेल्या असतात. मागं राहतो तो गाळ आणि वास. घरोघरी दारात ढीग लागतात. गाद्या, भिजून फुगलेली प्लायवूडची कपाटं, शाळेची दप्तरं, धान्य, दुकानातल्या साड्या. सांगलीच्या नगर वाचनालयातली हजारो पुस्तकं २०१९ मध्ये अशीच भिजून गेली. १८६९ पासूनची ही संस्था. या शहरात १८४३ मध्ये विष्णुदास भावे यांनी 'सीता स्वयंवर' रंगवलं आणि मराठी रंगभूमीची सुरुवात झाली. अशा गावातल्या वाचनालयाची पुस्तकं रस्त्यावर वाळत घातलेली बघणं म्हणजे काय, हे वाचणाऱ्या माणसाला सांगायला नको.

त्या ढिगांमध्ये हमखास एक वस्तू असते, लग्नाचा अल्बम. जुन्या घरांमध्ये अल्बम कुठं ठेवतात माहितीये? कपाटाच्या सगळ्यात खालच्या खणात, नाहीतर पलंगाखालच्या ट्रंकेत. पाणी आधी तिथंच पोचतं. फ्रीजचा पंचनामा होतो, टीव्हीचा होतो. अल्बमचा होत नाही. आणि २००० सालाआधीच्या फोटोंची दुसरी प्रत कुठल्याही क्लाउडवर नसते.

मार्च २०११ मध्ये जपानच्या ईशान्य किनाऱ्यावर त्सुनामी आली. ती ओसरल्यावर स्वयंसेवकांनी आणि जवानांनी चिखलातून लाखो फोटो गोळा केले. कुणाचे हे माहीत नसताना. मग कितीतरी माणसांनी ते मऊ ब्रशनं पाण्यात धुतले, दोऱ्यांना चिमटे लावून वाळवले, स्कॅन केले आणि शाळांच्या सभागृहांत मांडून ठेवले. लोक येऊन त्यांतून आपली माणसं शोधत. घर गेलेला माणूस पोराच्या शाळेतला एक फोटो हातात घेऊन परत जायचा. या कामाला लागतं ते पाणी, ब्रश, दोरी आणि सवड. चारही गोष्टी कुठल्याही कॉलेजच्या एनएसएस युनिटकडे असतात.

म्हणून पुढच्या वेळी गाळ काढायला जाल तेव्हा एवढं लक्षात ठेवा. ओला अल्बम दिसला की टाकू देऊ नका. एकमेकांना चिकटलेले फोटो ओढून सोडवायचे नाहीत, वरचा थर निघून येतो. आधी आहे त्या अवस्थेत मोबाइलनं त्याचा फोटो काढून ठेवा. मग स्वच्छ, गार पाण्याच्या टबात अल्बमची पानं ठेवा, फोटो हळूहळू आपोआप सुटे होऊ लागतात. कडेनं धरा, चित्रावर बोट लावू नका. स्वच्छ सुती कापडावर चित्राची बाजू वर ठेवून सावलीत वाळवा. उन्हात फोटो वाकतात. वर्तमानपत्रावर ठेवाल तर छपाईची शाई फोटोवर उतरते. काचेला चिकटलेला फोटो काचेसकट राहू द्या. घरच्या प्रिंटरवर काढलेली इंकजेट प्रिंट मात्र पाण्यात बुडवू नका, तिचा रंग पसरतो. आणि वेळच नसेल तर फोटोंच्या मध्ये बटर पेपर घालून, प्लॅस्टिकच्या पिशवीत भरून सरळ डीप फ्रीजरमध्ये टाका. बुरशी थांबते, महिन्याभरानं निवांत काम करता येतं. पुराच्या पाण्यात गटाराचं पाणी मिसळलेलं असतं, त्यामुळं हे सगळं हातमोजे घालूनच.

सेल्फीच्या मागं काय आहे?

आता तुमच्या गॅलरीकडे परत येऊ. गावात राहणारा माणूस स्वतःच्या घाटाचा फोटो काढत नाही. रोजचाच तर घाट, त्याचा काय फोटो काढायचा? त्याच्या अल्बममध्ये बारसं असतं, मुंज असते, लग्न असतं. दुकानाची पाटी, चहाची टपरी, होडी बांधायचा खुंट, देवळाच्या पायऱ्यांवर बसणारी फुलवाली हे सगळं टिपतो तो पाहुणा. तेही चुकून, स्वतःचा फोटो काढताना मागं आलं म्हणून.

याचं सांगलीतलंच एक उदाहरण देते. सांगली हळदीची मोठी बाजारपेठ. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. ही हळद वर्षानुवर्षं साठवायची कुठं, याचं उत्तर हरिपूरच्या मातीत होतं. तिथं जमिनीत खोल पेवं खणलेली असायची. तोंड अरुंद, आत माणूस उतरेल एवढी जागा, खाली आणि कडेनं पाला-पाचटाचा थर. तोंड मातीनं लिंपून टाकलं की आतली हळद कीड न लागता टिकायची. वरून बघणाऱ्याला नुसतं मोकळं रान दिसायचं, त्याच्या पायाखाली मात्र लाखोंचा माल असायचा. २००५ च्या महापुरात या पेवांमध्ये पाणी शिरलं. हळद गेली, पेवं ढासळली आणि व्यापारी गोदामांकडे, शीतगृहांकडे वळले. पिढ्यानपिढ्यांची एक पद्धत एका पावसाळ्यात मोडकळीला आली.

आता सांगा, चालू पेवाचा, त्यात उतरणाऱ्या माणसाचा, पोती वर काढतानाचा फोटो कुणाकडे असेल? हरिपूर हे नाटककार गोविंद बल्लाळ देवल यांचं गाव, संगमेश्वराचं देऊळ तिथं, कृष्णा-वारणेचा संगम तिथं, म्हणजे बाहेरची माणसं तिथं कायम येत राहिली. १९९० च्या सुमारास आलेल्या एखाद्या मामांनी रोलमधला एक फोटो त्या रानावर खर्च केलाही असेल. तो आज पुण्यातल्या कुठल्यातरी फ्लॅटच्या माळ्यावर असेल. तुमच्याही घरी माळा आहे. एकदा चढून बघा.

अशा फुटकळ फोटोंमधून काय उभं राहू शकतं, हे २०१५ मध्ये जगानं पाहिलं. इराकमधल्या मोसुलच्या संग्रहालयातल्या मूर्ती अतिरेक्यांनी फोडल्या, तेव्हा दोन तरुण अभ्यासकांनी 'प्रोजेक्ट मोसुल' सुरू केला. जगभरातल्या ज्या कुणी ते संग्रहालय पूर्वी पाहिलं असेल, त्यांच्याकडे त्यांनी फोटो मागितले. एकाच वस्तूचे वेगवेगळ्या कोनांतून काढलेले फोटो कॉम्प्युटरला दिले, की तो त्यांतले समान बिंदू जुळवत त्या वस्तूचं त्रिमितीय रूप तयार करतो. हौशी पर्यटकांच्या फोटोंमधून फुटलेल्या मूर्तींचे आकार परत पडद्यावर आले.

आपल्याकडे इतकं काही करायची गरज नाही, असं वाटेल. पण घाटाच्या पायऱ्यांचा साधा फोटोही खूप सांगतो. पाण्याच्या वर किती पायऱ्या दिसतायत हे मोजता येतं. नदीकाठी कुठं मोकळी जागा होती आणि आता तिथं काय उभं आहे, हे दोन फोटो शेजारी ठेवले की दिसतं. पूर का वाढतो यावर वाद घालणाऱ्यांना असा पुरावा झेपत नाही.

नदीनं वर चला

सांगलीचा पूर सांगलीत सुरू होत नाही. जुन्या महाबळेश्वरच्या पंचगंगा मंदिरात, जिथं कृष्णा, कोयना, वेण्णा, सावित्री आणि गायत्री या पाच नद्यांची उगमस्थानं मानतात, तिथं तुम्ही गोमुखाच्या धारेखाली हात धरून फोटो काढला असेल. तेच पाणी पुढं वाईच्या घाटांवरून जातं. वाईच्या आधी मेणवली. नाना फडणवीसांचा वाडा, खाली चंद्रकोरीसारखा घाट आणि वसईहून आणलेली ती मोठी घंटा. 'स्वदेस' सिनेमात पाहून कित्येक जण फक्त त्या घाटासाठी जातात. मग माहुलीला वेण्णा येऊन मिळते. कराडला कोयना समोरून येते, प्रीतिसंगमावर, यशवंतराव चव्हाणांच्या समाधीपाशी. तिथून औदुंबर, भिलवडी आणि सांगली. महाबळेश्वरला धुक्यात कणीस खाताना काढलेल्या तुमच्या फोटोतला पाऊस उताराच्या गावांमध्ये पोचतोच. २२ जुलै २०२१ च्या सुमारास महाबळेश्वरला २४ तासांत ५९० मिलिमीटरहून जास्त पाऊस झाला. पुढं काय झालं ते आयर्विनच्या आकड्यांनी सांगितलं.

त्याच पावसात सातारा जिल्ह्यात डोंगर खाली आले. पाटण तालुक्यातलं आंबेघर, मिरगाव, ढोकावळे. पुरानंतर घर निदान उभं राहतं. दरडीनंतर घर कुठं होतं हेही सांगता येत नाही. अशा गावाचा किंवा गावातल्या माणसांचा फोटो तुमच्याकडे असेल, ट्रेकला जाताना ज्यांच्या अंगणात पाणी प्यायलात त्यांचा, तर तो पोस्ट करू नका. सरळ सांगते, करूच नका. तो त्यांच्या माणसांपर्यंत पोचवा. तलाठ्यांना, सरपंचांना, शाळेच्या गुरुजींना विचारा, नातेवाईक कुठं आहेत ते कळेल. चांगल्या कागदावर प्रिंट काढा आणि हातात द्या. ज्यांच्याकडे गेलेल्या माणसाचा एकही फोटो उरला नाही, त्यांना तुमच्या कोपऱ्यात आलेला चेहरा म्हणजे काय, हे शब्दांत सांगता येणार नाही.

हे नवं नाही. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनानगर हादरलं, तेव्हा त्या खोऱ्यातल्या फार थोड्या घरांत कॅमेरा असेल. भूकंपानंतरच्या ढिगाऱ्यांचे फोटो वर्तमानपत्रांत आले, ते आजही सापडतात. पण १० डिसेंबरच्या संध्याकाळी त्या गल्ल्या कशा दिसत होत्या, हे बहुतेक सांगण्यातूनच पुढं आलं, आणि सांगणारी माणसं आता थकली आहेत. तुमच्या पिढीकडे फोटो कमी पडण्याची भीती नाही. भीती आहे ती हजारो फोटोंत तो एक हरवण्याची, फोन बदलताना पुसला जाण्याची.

मग करायचं काय?

फार काही नाही, एका रविवारचं काम आहे.

• त्या गावाचे फोटो एका वेगळ्या फोल्डरमध्ये घ्या. ज्यांत तुम्ही वाईट दिसताय तेही घ्या. मागं काय आहे ते महत्त्वाचं.

• प्रत्येकाला नाव द्या. 'आयएमजी ४४७२' वरून काही कळत नाही. 'हरिपूर, संगमेश्वर मंदिर, जानेवारी २०१७, नदीकडं तोंड करून' एवढं लिहिलं की पन्नास वर्षांनी बघणाऱ्यालाही उपयोग होईल.

• फोटो क्रॉप करू नका, फिल्टर लावू नका. मूळ फाइल ठेवा. व्हॉट्सॲपवर नुसता फोटो पाठवला की तो बारीक होतो आणि त्यातली तारीख-ठिकाणाची नोंद जाते. 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा.

• आजोबांच्या अल्बममधले फोटो मोबाइलनं सावलीत, सरळ वरून टिपा. फोटोच्या मागं काही लिहिलंय का ते बघा आणि त्याचाही फोटो घ्या.

• ओळखू येईल असा चेहरा असेल तर आधी विचारा. लहान मुलं आणि अंघोळ करणारी माणसं असलेले घाटावरचे फोटो जगासमोर टाकू नका.

• ज्यांचं आहे त्यांना द्या. हॉटेलवाले काका, नावाडी, ज्या वाड्यात राहिलात ते कुटुंब. गावातलं वाचनालय, कॉलेजचा इतिहास विभाग यांनाही विचारा. एक प्रत तिथं असू द्या.

• आणि तुम्ही स्वतः नदीकाठी राहत असाल तर अल्बम आजच वरच्या खणात हलवा.

'होती' की 'आहे'?

शेवटची गोष्ट कॅप्शनची. पूर ओसरून महिना झाला, रस्ते धुतले गेले, आता फोटो टाकायची खरी वेळ आली. तेव्हा लोक काय लिहितात? 'किती सुंदर होती सांगली.' 'मिसिंग यू सांगली.' एखाद्या गेलेल्या माणसाबद्दल लिहावं तसं.

हे हरभट रोडवरच्या दुकानदाराच्या जागी बसून वाचा. त्यानं कर्ज काढून पुन्हा माल भरलाय. रंगाचा वास अजून गेलेला नाही. गणपतीचे दिवस आलेत, दिवाळी येईल, आणि बाहेरगावचं गिऱ्हाईक काही फिरकत नाही, कारण सगळ्यांच्या मते सांगली बुडाली. मिरजेत सतार-तंबोऱ्याचे भोपळे वाळवून तारा जुळवणारा कारागीर फोनची वाट बघतोय. वाईच्या रस्त्यावर खोल्या रिकाम्या आहेत. या सगळ्यांच्या दृष्टीनं तुमच्या त्या 'होती'ला किंमत मोजावी लागते. पुरानं त्यांचे पंधरा दिवस नेले, 'होती' पूर्ण हंगाम नेऊ शकते.

तुमचा जुना फोटो टाका, त्याखाली तारीख लिहा, आणि लिहा 'आहे'. घाट आहे, पूल आहे, मंदिर आहे, भडंगवाला परत गाडी लावतो. आयर्विन पूल १९२९ पासून उभा आहे, त्यानं २००५ पाहिलं, २०१९ पाहिलं, २०२१ पाहिलं. लिहायच्या आधी तिथल्या कुणाला तरी फोन करून विचारा की खरंच सगळं सुरू झालंय का. झालं नसेल तर तेही लिहा, म्हणजे काय पाठवायचं ते लोकांना कळेल.

आणि मग स्वतः जा. पाणी बघायला नको, पाणी उतरल्यावर. सप्टेंबरात कासला जाणारच असाल तर गाडी तशीच पुढं कराडवरून सांगलीला घ्या. ५ नोव्हेंबरला रंगभूमी दिन असतो, त्या दिवशी नाटकाच्या गावाला जायला निमित्तही चांगलं. नवीन हळदीचे सौदे बघायचे असतील तर उन्हाळ्याच्या तोंडाला जा. जुना फोटो हातात धरून त्याच पायरीवर उभे राहा, त्याच कोनातून नवा काढा. मागची टपरी असेल तर टपरीवाल्यांना जुना फोटो दाखवा. ते चष्मा कपाळावर सरकवून बघतील आणि पहिलं वाक्य बहुतेक हेच म्हणतील, 'हा आधीचा रंग. पुरानंतर बदलला.' चहा घ्या, ऐकत बसा. प्रिंट काढून नेली असेल तर तिथंच ठेवून या.